खंडेनवमीचं ऑइल

खंडेनवमीच्या सकाळी बुलेटचं ऑइल बदलायचं, हा आमच्या आप्पांचा नेम. कुठल्या पोथीत लिहिलंय, असं मी एकदा विचारलं होतं. "देवापुढं उभी करायची गाडी. पोट साफ नको व्हय तिचं?" म्हणाले, आणि वर मलाच वेड्यात काढलं.

आप्पा म्हणजे माझे वडील, वीरभद्र. वय सत्त्याहत्तर. लक्ष्मीपुरीतलं धान्याचं दुकान दहा वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात घातलं, पण बुलेटची किल्ली काही सोडली नाही. दसऱ्याला सकाळी निघतात आणि निपाणीला थोरल्या बहिणीला, म्हणजे माझ्या रत्नव्वा आत्याला, सोनं देऊन दुपारपर्यंत परत येतात. एकटे. मागे कुणी बसलेलं त्यांना खपत नाही. आई होती तेव्हा तिलासुद्धा म्हणायचे, "शालन, तू एसटीनं ये."

यंदा मात्र मी आणि माझ्या बायकोनं, संयोगितानं, गुपचूप एक ठरवलं होतं. गेल्या दोन महिन्यांत आप्पांनी तीनदा एकाच सकाळी दोनदोनदा दूध आणलं. संयोगिताला दोनदा आईच्या नावानं हाक मारली. एकदा तर दुकानाच्या दारात उभं राहून "आपलं दुकान कुठलं रे?" असं हमालाला विचारलं, असं तो हमाल सांगतो, तो दुपारनंतर शुद्धीत नसतो ही गोष्ट वेगळी. तर आमचं ठरलं असं की खंडेनवमीचं ऑइल आप्पांनी एकट्यानं नीट बदललं, तर दसऱ्याला निपाणीला जाऊ द्यायचं. नाही जमलं, तर किल्ली कपाटात. पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. परीक्षक मी. मला गाडीतलं काय कळतं म्हणाल, तर पेट्रोल कुठून घालतात ते.

सकाळी सातला अंगणात गोणपाट अंथरून आप्पा बसले. त्यांनी पेटीतून काढून मांडलेले पाने मी हातात देत होतो. गाडी जरा गरम करून घेतली, खालचा नट काढला, घमेल्यात काळं ऑइल आलं. मग उजव्या अंगाचं झाकण खोलून जुना फिल्टर काढला. कागदाच्या घड्या घालून केलेली चिमणीएवढी वस्तू ती, काळीकुट्ट झालेली. नवा बसवताना आप्पांनी रबरी रिंगेला बोटानं ऑइल लावलं. "कोरडी बसवली तर फाटती," म्हणाले. कुठं अडखळले नाहीत. मनात म्हटलं, झाले पास.

तेवढ्यात दुकानातून फोन आला. तांदळाची गाडी येऊन उभी होती आणि आमचा दिवाणजी सुट्टीवर. मी उठलो. आदल्या दिवशी आणलेले ऑइलचे लिटरचे तीन डबे जिन्याखालच्या फळीवर ठेवले होते. ते तिथं आहेत हे मी आप्पांना सांगितलं की सांगायचं राहिलं, हे मला आता देवाशपथ सांगता येणार नाही. सांगितलं असेल असं तेव्हा वाटत होतं.

तासाभरानं परत आलो तर गाडी धुऊन पुसून साइड स्टँडवर उभी, हँडलला झेंडूची माळ. आप्पा अंघोळीला गेलेले. आत संयोगितानं पूजा मांडली होती. आमच्याकडं या पूजेचा नेम कडक. घरातले पाने, पकड, हातोडी, कात्री, सुरी, विळी, दुकानातला काटा आणि मापं, सगळं पाटावर जातं. हळदकुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळी आरती होऊन पाट हलेपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. त्या दिवशी भाजीसुद्धा गवारीची, कारण ती हातानं मोडता येते.

सहज म्हणून फळीकडं बघितलं. तिन्ही डबे जागच्या जागी. उचलून बघितले. भरलेले. सील शाबूत.

बाहेर येऊन गाडीपाशी वाकलो. इंजिनाला उजवीकडं खाली एक गोल काच असते, आत ऑइल किती आहे ते दाखवणारी. काच रिकामी. डोळा लावून बघितलं, मोबाइलची बॅटरी मारून बघितलं. काही नाही.

शेजारचे बाळासो कुंपणावरून बघत होते. तीस वर्षं एसटीत काढलेला माणूस. काढली ती तिकिटाच्या खिडकीत, पण इंजिनावर बोलायचा हक्क त्यांना पेन्शनबरोबर मिळालाय. ते आत आले, मांडी घालून काचेपुढं बसले आणि म्हणाले, "शशीशेठ, थेंब न्हाय आत. कोरडी ठाक हाय."

आप्पा कपाळावर विभूती ओढत बाहेर आले. मी विचारलं, "आप्पा, ऑइल घातलंसा का?"

"घातलं की."

"कुठलं?"

"कुठलं म्हंजे? डब्यातलं. आणि कुठलं घालतात?"

मी आत जाऊन तिन्ही डबे आणले आणि त्यांच्या पुढ्यात पायरीवर एका ओळीत मांडले. त्यांनी एकेक डबा हातात घेतला, टोपणाच्या सीलवरून अंगठा फिरवला, खाली ठेवला. तिसरा ठेवल्यावर वर बघितलं ते माझ्याकडं नाही, गाडीकडं.

"मग मी काय घातलं?" म्हणाले.

इथं मी गप्प बसलो असतो तर सगळं निभावलं असतं. पण माझा स्वभाव असा की घाबरलो की मला राग येतो, आणि राग आला की उचलली जीभ लावली टाळ्याला. "ते तुमचं तुम्हालाच ठावं!" मी ओरडलो. "इसरलाय तुम्ही! कळंना झालंय तर माणसानं हात तरी लावू नये. उद्या हायवेवर इंजिन धरून जाम झालं असतं तर तुम्हाला गोळा करायला कोण आलं असतं?" गल्लीतली दोन-तीन दारं उघडली. बाळासोंनी मान खाली घातली. संयोगिता आतून "अहो, हळू" म्हणाली, तर मी तिच्यावरही ओरडलो.

"न्हाय रे," आप्पा म्हणाले. "घातलंय मी. रिकामे डबे... रिकामे डबे हितंच कुठंतरी..." ते भिंतीकडं बघायला लागले, मग तुळशीकडं, मग स्वतःच्या हाताकडं. काहीतरी आठवायला बघत होते आणि आठवत नव्हतं. आता मला वाटतं, त्यांना आठवलं नाही ते माझ्या ओरडण्यानं. त्या वेळी मात्र मला वाटलं, झालं, संपलं. आपला बाप गेला हातातनं.

"नट खोल," आप्पा हळूच म्हणाले. "खालनं आलं तर घातलंय. न्हाय आलं तर न्हाय."

बरोबर होतं. दोन मिनिटांत उलगडा झाला असता. पण पाना पाटावर, कुंकवाखाली. मी देवघराकडं वळलो तर संयोगिता दारात उभी. ती काही बोलायच्या आतच आप्पा म्हणाले, "न्हाय न्हाय. हात लावायचा न्हाय त्याला. पूजा हाय ती." त्यांच्या बाजूनं बोलणारी एकच गोष्ट घरात होती आणि तीही त्यांनीच उद्यावर ढकलली. शेजाऱ्याकडून पाना आणावा हे त्या वेळी कुणालाच सुचलं नाही. सुचलं असतं तरी गल्लीत सगळ्यांचे पाने पाटावरच होते म्हणा.

गाडी तर सुरू करायलाच हवी. पूजा झाली की चाकाखाली लिंबू ठेवून ती हातभर पुढं न्यायची असते. म्हणून मी ऑइल घालायला बसलो. वरचं टोपण हातानं फिरवून निघतं, त्याला पाना लागत नाही. नरसाळं पाटावर, बाटली कापून करावं तर कात्रीही पाटावर. शेवटी पेपरची पुंगळी केली आणि दोन डबे ओतले, वर तिसऱ्यातलं थोडं. काचेत बघितलं. काच होती तशीच! मघाशी रिकामी होती तेव्हा जशी स्वच्छ दिसत होती, तशीच आताही स्वच्छ.

"नवं ऑइल हाय, पाण्यावाणी दिसतंय," बाळासो म्हणाले. मग डोकं खाजवून, "का अजून कमीच हाय?"

मला रिकामी काच आणि भरलेली काच यातला फरक कळेना. उगाच धोका नको म्हणून उरलेलाही डबा ओतला. आप्पा पायरीवर बसून बघत होते. एरवी त्यांच्या गाडीला कुणी फडकं जरी लावलं तरी अंगावर येणारा माणूस.

पूजा झाली, ऊद फिरवला, नारळ फोडला. दर वर्षी किक आप्पा मारतात. "तूच मार," म्हणाले. मी मारली. गाडी सुरू झाली आणि मागून पांढरा-निळा धूर निघाला तो असा की समोरचं घर दिसेना. सीटच्या खालून ऑइल गळायला लागलं. बायका पदर तोंडाला लावून आत पळाल्या. मी घाईनं बंद केली. लिंबू तसंच राहिलं.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या," बाळासो म्हणाले. "आप्पांनी धुतल्यावर बिनऑइलची चालू करून बघितली असणार. तवाच गेल्या."

आता घातलं तरी आप्पांचीच चूक आणि नाही घातलं तरी आप्पांचीच. ऑइल नाही म्हणून गाडी बिघडली म्हणावं, तर हे सीटखालून गळतंय ते काय? मला काही समजत नव्हतं. पण समजत नाही असं कबूल करण्यापेक्षा बापाला दोष देणं सोपं होतं, आणि मी सोपं ते केलं. "बघा आता," एवढंच म्हटलं. तेवढंच पुरलं.

आप्पा उठले. गाडीची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. "कपाटात ठेव," म्हणाले. "उद्या अक्काकडं तू जा."

दुपारी जेवताना गवारी चिवडत बसले होते. संयोगिता वाढायला वाकली तेव्हा त्यांनी तिला बारीक आवाजात विचारलं, "पोरी, आज दूध मी एकदाच आणलं न्हवं?" ती "व्हय आप्पा, एकदाच" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

दसऱ्याच्या सकाळी आरती झाली, पाट हलला. मिस्त्रीला बोलवायच्या आधी निदान बघावं तरी, म्हणून मी पाना घेऊन बसलो. मनात एकच, कमी पडलं असेल का, जास्त झालं असेल का, की बाळासो म्हणतात ते खरं. आप्पांना म्हटलं, या बाहेर. "तू कर," म्हणाले. पेपर वाचत होते. मघापासून तेच पान समोर होतं.

नट काढला. ऑइल यायला लागलं ते थांबेचना. घमेलं भरलं, ते बादलीत ओतलं, पुन्हा भरलं. सगळं नवं, मधासारखं. दुकानातलं लिटरचं माप आणून मोजलं. चार भरले आणि पाचवंही पाऊण झालं. मी घातलं तीन लिटर. मग वरचं पावणेदोन आलं कुठून? काल सीटखालून गळलं आणि जळलं ते वेगळंच. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेवढंच. इंजिनात ऑइल वितंय की काय, असं एक क्षण खरंच मनात आलं.

तेवढ्यात संयोगिता गच्चीवरून खाली आली. आपट्याच्या पानांवर पाणी मारायला गेली होती. तिच्या हातात ऑइलचे तीन रिकामे डबे. "हे बघा," ती म्हणाली. "टाकीच्या मागं उन्हात वाटीवर पालथे घातलेले." तिसऱ्यातलं उरलेलं शेजारी बाटलीत काढलेलं, वाटीत तळाशी बोटभर ऑइल. ही आप्पांची सवय. डब्याला चिकटलेला शेवटचा थेंबसुद्धा निथळून घ्यायचा आणि दुकानाच्या शटरला घालायचा. धान्याच्या धंद्यात आयुष्य गेलं, त्यांना एक दाणा वाया गेलेला सोसत नाही.

ते डबे बघितले आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. गणपतीच्या आधी एकदा पावसात अडकलो होतो, स्पेअर पार्टच्या दुकानात उभा राहिलो, नुसतं उभं कसं राहायचं म्हणून तीन डबे घेतले. घरी येऊन ते आप्पांच्या हत्यारांच्या पेटीत ठेवले, म्हणजे खंडेनवमीला हाताशी असतील. आणि साफ विसरलो. इतकं विसरलो की आदल्या दिवशी जाऊन आणखी तीन आणले. आप्पांनी पेटी उघडली, डबे दिसले, लागतं तेवढं घातलं. त्यांनी सगळं बरोबर केलं होतं. दूध दोनदा आणणाऱ्या बापाची मी परीक्षा घेतली आणि ऑइल दोनदा आणणारा मी, त्याची परीक्षा कोण घेणार? मला भर सणाच्या दिवशी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

बाळासो कुंपणापाशी आलेच होते. "साइड स्टँडवर काच बघायचीच नसती," ते म्हणाले. "गाडी डावीकडं कलती, ऑइल तिकडं जातंय. डबल स्टँडवर घ्या."

"मग काल का बोलला न्हाईसा?"

"काल ध्यानात आलं न्हाय. रातभर इचार केला तवा आलं."

गाडी डबल स्टँडवर घेतली, सव्वादोन लिटर मोजून घातलं, जादा झालेलं ऑइल नळीतून सीटखालच्या हवेच्या डबीत चढलं होतं, तेही चिंधीनं पुसून काढलं. काच बरोबर अर्धी भरली. किक मारली. पाच-दहा मिनिटं धूर आला, मग तोही गेला आणि गाडी नेहमीसारखी वाजायला लागली. इतका वेळ आप्पा आतच होते. गाडीचा आवाज ऐकूनही उठले नाहीत.

मी रिकामे डबे घेऊन आत गेलो. "आप्पा," म्हटलं, "तुम्ही घातलंतं ऑइल. मीच इसरलो. गणपतीआधी आणून तुमच्या पेटीत ठेवलेले डबे हे. मी परत घातलं म्हणून डबल झालं. चूक माझी हाय, तुमची न्हाय."

त्यांनी एक डबा हातात घेतला, आत डोकावून बघितलं, उलटा करून बघितला. "हे कालचे कशावरनं?" म्हणाले. "गेल्या सालचे असतील."

"न्हाय हो! पावणेपाच लिटर निघालं नवं ऑइल. मापानं मोजलंय."

"बरं," आप्पा म्हणाले. मी लहानपणी परीक्षेत नापास होऊन प्रगतिपुस्तकात पास लिहून मास्तरांची खोटी सही करून आणायचो तेव्हा ते असंच, काही न विचारता, "बरं" म्हणायचे. मी किल्ली पुढं केली. "जावा निपाणीला. गाडी एक नंबर झाली."

त्यांनी किल्ली घेतली नाही. शर्टाचं वरचं बटण लावलं, आपट्याच्या पानांची पिशवी उचलली. "तू चालव," म्हणाले. "मी मागं बसतो."

कागलपर्यंत मी बोलत होतो. डबे, पेटी, फळी, काच, सगळं. कागलच्या पुढं वाऱ्यात माझंच बोलणं मला ऐकू येईना, तेव्हा गप्प बसलो. आप्पांचा हात माझ्या खांद्यावर होता. तो हात इतका हलका असेल हे मला माहीत नव्हतं.

आत्या दारातच बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, पण भावाच्या गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाला ओळखते. "बा तम्मा, बा," म्हणजे ये धाकट्या, ये, असं कानडीत म्हणत उठली आणि थबकली. "आज मागं बसून आलास?"

आप्पा उतरले. तिच्या हातात सोनं दिलं, पाया पडले, आणि हसले. कालपासून पहिल्यांदा हसले.

"पोरगं माझं गुणी हाय अक्का," म्हणाले. "मी ऑइल घालायचं इसरलो, गाडीची वाट लावली, आणि पोरगं म्हणतंय माझीच चूक झाली. रिकामे डबे आणून दाखवतंय मला. बापाची अब्रू राखतंय."

आत्यानं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. तिच्या डोळ्यात पाणी. तिच्या सुना दारात येऊन माझ्याकडं बघायला लागल्या, असा मुलगा असावा म्हणून.

"आत्या, तसं न्हाय," मी म्हणालो. "खरंच मीच इसरलतो. आप्पांनी बरोबर घातलंतं."

"व्हय रे बाळा, व्हय," आत्या म्हणाली.

"व्हय न्हाय! ऐका की. पेटीत तीन डबे होते. फळीवर तीन. त्यातलं मी आधी दोन घातले, न्हाय, आधी आप्पांनी घातले, मग मी..." माझा आवाज चढला आणि तिथंच माझं गणित चुकलं. आता सहा डब्यांतले किती कुणी घातले ते मलाच सांगता येईना. सगळे माझ्याकडं बघत होते, कुणी हसत नव्हतं.

आप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "असू दे शशी," म्हणाले. "मला समजलं."